तीन मोजेपर्यंत

हिंगोली
९ नोव्हेंबर २०२४

हलीमा,

तुझी चिठ्ठी उत्तमसिंगच्या जीपमधून परवा पोचली आणि आतली बोलणीही व्यवस्थित पोचली. नर्सीणबाईला डोंगरकडा दिसेनासं झालं म्हणे! दिसतं गं, रोज दिसतं. पण बारा तास मी वॉर्डात, माझा फोन बाहेरच्या कप्प्यात कुलूपबंद, आणि तुझ्या घरचा एकुलता फोन तुझ्या पोराच्या, अशफाकच्या खिशात. तुला काही लिहिलं की आधी तो वाचणार, मग त्याचे मित्र. त्यापेक्षा शाळेतल्या बाकापासूनची आपली चिठ्ठ्यांची खोडच बरी. उत्तमसिंग रोज दोन फेऱ्या मारतो आणि चिठ्ठीमागे एक चहा पितो, एवढंच.

गेल्या महिन्यापासून मला अतिदक्षता विभागातल्या एका अभ्यासावर लावलंय. डॉक्टर प्रज्ञेश तो चालवतात. सेप्सिस नावाचं दुखणं असतं. अंगात कुठंतरी जंतू शिरतात, जखमेत, छातीत, बाळंतिणीच्या पिशवीत, आणि मग सगळं शरीरच बिघडत जातं. रक्तदाब कोसळतो, रक्त टोकापर्यंत पोचत नाही. त्याला शॉक म्हणतात. फार रक्त गेलं तरी तसाच शॉक बसतो. अशा माणसाला सलाईन किती द्यायचं हेच कळत नाही. कमी पडलं तर लघवी बंद, जास्त झालं तर छातीत पाणी. मोठ्या शहरात वरचेवर रक्त तपासून ठरवतात. आमचे डॉक्टर बघताहेत, ते नुसत्या बोटावरून ठरवता येईल का.

म्हणजे असं. नख दहा मोजेपर्यंत दाबून धरायचं. ते पांढरं पडतं. सोडायचं आणि मोजायचं. तीन मोजेपर्यंत लाली परत आली तर ठीक. नाही आली तर माणूस धोक्यात आहे. दर अर्ध्या तासाला हे करायचं आणि वहीत लिहायचं. खरं सांगू, मला भीती वाटते. तीनच्या पुढं गेलं की मी पुन्हा पहिल्यापासून दाबून बघते.

उमैमाचे दिवस भरत आले ना? पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तुझ्या अंगावर. कळव.

करुणा

---

डोंगरकडा
२१ नोव्हेंबर

करुणा,

आजी झालीस. रविवारी, सतरा तारखेला मुलगी झाली. नाकानं थेट माझ्यावर गेली आहे, बिचारीचं नशीब.

पण बाई, मी काय पाहिलं ते कुणाला सांगू? वार पडेचना. हातानं काढावी लागली, आणि मग जे रक्त सुरू झालं ते थांबायचं नाव घेईना. बाहेर बाकावर बसून मी नुसत्या चादरी जाताना बघत होते. दोन पिशव्या रक्त चढवलं तेव्हा उमैमानं डोळे उघडले. काल, मतदानाच्या दिवशी, घरी आणली. कळमनुरीच्या दवाखान्यातून निघताना सगळं ठीक म्हणाले. ठीकच असेल. पण तिचे हात बघवत नाहीत. इतके पांढरे, कागद तरी बरा. उद्या सहावा दिवस, बाळाची छटी आहे, औंढ्याहून तिची सासू आणि नणंदा येणार. माहेरी पोरगी अशी पांढरी पडलेली पाहिली तर त्या काय म्हणतील, ते मला आत्ताच ऐकू येतंय.

तुझं ते नखाचं मी करून पाहिलं. दाबलं, सोडलं, मोजलं. अडीचला लाल झालं. अडीच म्हणजे पास ना? लवकर लिही, माझी झोप उडालीय.

तुझी हलीमा

---

हिंगोली
२२ नोव्हेंबर

हलीमा,

पोरीला माझा मुका. अडीच म्हणजे पास, पण काठावर. एवढं रक्त गेल्यावर अडीच चालेल. वाढता कामा नये.

आता नीट ऐक. सकाळ-संध्याकाळ नख दाब आणि मला आकडा पाठव. आणि या गोष्टींकडं लक्ष ठेव: ताप, थंडी वाजणं, धाप, असंबद्ध बोलणं, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास. यातलं काही दिसलं तर आकड्याची वाट बघायची नाही, सरळ निघायचं. बाळंतिणीचं असंच असतं म्हणून कुणी अडवलं तरी ऐकायचं नाही.

आमच्याकडं येणाऱ्या बाळंतिणी बऱ्या होऊन घरी जातात, तेव्हा उगीच जीव मुठीत धरून बसू नकोस.

करुणा

---

डोंगरकडा
२४ नोव्हेंबर

करुणा,

छटी छान झाली. औंढ्याची मंडळी खूश होऊन गेली. सासूनं बाळाला चांदीचे वाळे घातले. उमैमाला न्हाऊ घातलं, हिरवा जोडा नेसवला. मेंदी मी स्वतः लावली, कोपरापर्यंत. बोटांची टोकं तर दोन्ही पेरं भरून लिंपली. पोरगी म्हणाली, "अम्मी बस्स, एवढी काहून लावून राहिलीस?" सासू मात्र म्हणाली, "माहेरचा रंग बराबर चढला." ऐकून मला रडूच आलं.

काल संध्याकाळपासून जराशी कणकण आहे. शेजारच्या बायका म्हणतात दूध भरून येतं तेव्हा असं होतंच. काढा दिला. जेवली नाही, पण दमलीही होती ना बिचारी.

आणि तुझ्या परीक्षेत तर पोरगी पहिली आली! आज तीनदा नख दाबलं. सोडायच्या आत लाल. एकसुद्धा मोजावं लागत नाही. परवाचा अडीच कुठं आणि हे कुठं. तुझ्या अभ्यासाचं भलं होवो, आज जरा पाठ टेकते.

तुझी हलीमा

---

हिंगोली
२५ नोव्हेंबर, सकाळ

हलीमा,

चिठ्ठी ड्यूटीवर जाता जाता वाचली, घाईत लिहिते आहे. नख इतकं लगेच भरत असेल तर रक्त छान फिरतंय, घाबरू नकोस. कणकणीला तापाची गोळी दे, पाणी भरपूर पाज. उद्यापर्यंत ताप राहिला तर मात्र दाखवून आण.

कालचा दिवस फार वाईट गेला. एका माणसाचं नख मी दिवसभर मोजत होते. चार, पाच, सात. संध्याकाळी मोजायचं कारण उरलं नाही. त्याची बायको मला विचारत होती, "ताई, आता किती झालं?" तुझा आकडा वाचला आणि बरं वाटलं.

करुणा

---

हिंगोली
२६ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा

हलीमा,

नख बघू नकोस. मी चुकले. मेंदी आहे. मेंदीचं नख दाबलं तरी लालच दिसतं, खाली रक्त असो वा नसो. तू मला मेंदी लिहिली होतीस आणि मी ती वाचली होती.

आत्ता वॉर्डात कनेरगाव नाक्याची एक बाई आली, तिची बोटं रंगलेली. मी तिचं नख दाबायला गेले तर डॉक्टरांनी माझा हात धरला आणि तिच्या गुडघ्यावर दाबायला सांगितलं. तिथंच मला तुझी चिठ्ठी आठवली. अशफाकला सहा वेळा फोन केला, बंद येतो.

उमैमाचे गुडघे उघडे करून बघ. जांभळट जाळी दिसते का? गुडघ्यावर बोट दाब आणि मोज. तीनच्या पुढं गेलं तर, नाही, मोजतही बसू नकोस. निघ. मी १०८ ला कळवलंय, पण थांबू नकोस. उत्तमसिंगला सांगितलंय, जीप सरळ तुझ्या दारात आणायची. जी गाडी आधी येईल तिच्यात तिला घाल. बाळालाही घे.

निघ.

करुणा

---

दवाखान्याचा व्हरांडा
२६ नोव्हेंबर, दुपारी चार

करुणा,

हे जगनमामाच्या हातानं आत पाठवते आहे. ते दाराशी बसतात, देतो म्हणालेत. तू आत, मी बाहेर, मधे हे दार. तू एकदा काचेतून दिसलीस आणि लगेच तोंड फिरवलंस. तोंड का फिरवलंस?

गुडघे पाहिले. जाळी होती, जांभळी, मांडीपर्यंत. दाबलं तर पांढरा ठिपका तसाच राहिला. मी आठपर्यंत मोजलं आणि पुढचे आकडेच आठवेनात. पोरगी माझ्याकडं बघून म्हणत होती, "उमैमा कुठंय?" स्वतःलाच शोधत होती. उत्तमसिंगनं जीप कशी आणली ते त्यालाच माहीत. कळमनुरीच्या अलीकडं अँब्युलन्स भेटली, तिच्यात घेतली.

उमैमाचा नवरा फहीम औंढ्याहून पोचलाय, भिंतीकडं तोंड करून उभा आहे. तुझे डॉक्टर कागद घेऊन आले. म्हणतात, हिची बोटं रंगलीत म्हणून गुडघा मोजू, पण त्याची वेगळी नोंद ठेवायला घरच्यांची परवानगी पाहिजे. करुणा, माझं लेकरू काय वही आहे, की त्यात लिहून ठेवायचं? सही नाही केली तर औषध थांबेल का? केली तर तिच्यावर काही नवीन करून बघतील का? तू सांगशील तसं आम्ही करू.

हलीमा

---

वॉर्ड
२६ नोव्हेंबर, साडेचार

हलीमा,

सही कर किंवा करू नकोस, हे मी सांगायचं नाही, तसा नियम आहे. आणि माझ्या सांगण्यावर तुम्ही आता चालूही नये. जे खरं आहे तेवढं लिहिते. सही केली नाही तरी एकही औषध थांबणार नाही. केली तरी नवीन काही टोचणार नाहीत. गुडघा तर मोजणारच आहोत. सहीनं फक्त तो आकडा वहीत राहील आणि पुढं दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. हे डॉक्टरांकडून पुन्हा समजून घे, हवं तितक्या वेळा विचार.

उमैमाचा रक्तदाब औषधावर धरलाय. आत्ता गुडघा आठ आहे. वारेचा तुकडा आत राहून सडला असावा असं म्हणतात. शस्त्रक्रियेला नेताहेत.

तोंड फिरवलं कारण मेंदीची ओळ वाचूनही मी तुला घाबरू नकोस लिहिलं होतं.

करुणा

---

व्हरांडा
२६ नोव्हेंबर, सव्वापाच

करुणा,

फहीमनं सही केली. आधी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली. मी म्हटलं, त्या कनेरगाव नाक्याच्या बाईचा गुडघा कुणी दाबला नसता तर तुझी चिठ्ठी निघाली नसती. तेव्हा लिहू दे आमचाही.

दुसऱ्या कागदावरही सही घेतली. पिशवी काढावी लागली तर, असं त्यात आहे. बावीस वर्षांची आहे गं ती. फहीमनं विचारलं, "काढली तर जगेल?" डॉक्टर म्हणाले, "न काढता जगणं अवघड आहे." त्यानं पेन धरलं आणि ते हातातून पडलं. मी उचलून दिलं.

बाळ रडतंय. वरच्या दुधाला तोंड लावत नाही. आतून काहीतरी लिहून पाठव, एक आकडा तरी पाठव.

हलीमा

---

वॉर्ड
२७ नोव्हेंबर

हलीमा,

पिशवी काढली. श्वासाची नळी आहे, घाबरू नकोस. घाबरू नकोस लिहायची मला सवय आहे, ते खोडते. घाबरण्यासारखंच आहे. गुडघ्याचा आकडा सकाळी सहा, आता साडेपाच.

करुणा

---

वॉर्ड
२९ नोव्हेंबर

हलीमा,

सकाळी गुडघा चार होता. दुपारी साडेतीन. मी पुन्हा पुन्हा मोजते म्हणून डॉक्टर रागावले. लघवी सुरू झाली आहे. तुम्ही व्हरांड्यात काही खात नाही असं जगनमामा सांगतात. खा.

आत्ता पाच वाजता पुन्हा दाबलं. तीन.

करुणा

---

हिंगोली
१८ डिसेंबर

हलीमा,

शनिवारी तुम्ही उमैमाला घेऊन घरी गेलात. जाताना तू माझा हात धरलास, आणि मी तो सोडवून घेऊन औषधांची यादी समजावत बसले. जे बोलायचं होतं ते तुझ्या डोळ्यांत बघून बोलायची हिंमत झाली नाही. लिहिते आहे.

अभ्यासाच्या फॉर्मात एक रकाना आहे, रुग्णाला यायला उशीर का झाला. उमैमाच्या फॉर्मात तो भरायचं काम माझ्याकडं आलं. मी लिहिलं, परिचारिकेने चिठ्ठीतून खोटा दिलासा दिला. खाली माझं नाव लिहिलं. डॉक्टर प्रज्ञेशांनी वाचलं. मग म्हणाले, मेंदी रंगली असेल तर काय करायचं, हे आपल्या नियमांत लिहायला मीही विसरलो. आता लिहिलंय. आधी बोटं बघायची, रंग असेल तर गुडघा.

मी मेंदीची ओळ वाचली होती, हलीमा. पंधरा वर्षं बाळंतिणी बघते आहे. तुझ्या घरच्या छटीला मी स्वतः दोनदा मेंदी लावून घेतली आहे. तरी वाचून पुढं गेले, कारण त्या दिवशी मला एक चांगला आकडा हवा होता. सोमवारीच तिला बोलावलं असतं तर पिशवी वाचली असती का, कुणालाच सांगता येत नाही. मी डॉक्टरांना तीनदा विचारलं.

आणखी एक. आमच्याकडं येणाऱ्या बाळंतिणी बऱ्या होतात असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. यंदा अशा नऊ आल्या, चार गेल्या. तू घाबरू नयेस म्हणून लिहिलं. तू घाबरायला हवी होतीस.

उत्तर आलं नाही तरी मला समजेल.

करुणा

---

डोंगरकडा
६ जानेवारी २०२५

करुणा,

उत्तर यायला तीन आठवडे लागले. पहिले दोन दिवस मी तुला शिव्या घातल्या, मोठमोठ्यानं, चुलीपाशी बसून. अशफाकनं विचारलं, "कुणाला बोलून राहिलीस?" मी म्हटलं, भांड्यांना. त्यानंतरचे दिवस मला स्वतःला शिव्या घालण्यात गेले, आणि त्या मोठ्यानं घालता येत नाहीत.

आता मी जे लिहिते ते नीट वाच. यावेळी एकही ओळ सोडू नकोस.

तू वासाचं लिहिलं होतंस. वास येत होता. छटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून. पाहुण्या संध्याकाळपर्यंत घरात होत्या. मी दिवसभर ऊद जाळला, त्यांना वाटलं बाळासाठी. त्या गेल्यावर तुला लिहायला बसले, तेव्हाही वासाचं लिहिलं नाही. कणकण लिहिली, तीही जराशी. खरं तर पोरगी चादरीखाली थडथडत होती. वाटलं, दवाखान्यात नेली तर औंढ्याला कळेल. म्हणतील, माहेरी पाच दिवसांत पोरीची ही गत केली.

आणि मेंदी. उमैमानं विचारलं होतं ना, एवढी काहून? तुला मी ते हसत लिहिलं. तिचे हात कागदासारखे पांढरे होते, करुणा. ते सासूला दिसू नयेत म्हणून मी मेंदी लावली. नखं रंगावीत म्हणून तीन तास धुऊ दिली नाहीत. नखातून जे दिसतं तेच मला झाकायचं होतं, आणि ते मी इतकं पक्कं झाकलं की नंतर मलाच दिसलं नाही. तुझी चिठ्ठी माझ्याकडं आहे. तू वास लिहिला होतास, आकड्याची वाट बघू नकोस असं लिहिलं होतंस. तेव्हा तुझ्या त्या रकान्यात माझं नाव घाल. लिही, आईनं झाकलं. तुझं नाव खोडू नकोस, माझं वर लिही.

हे सगळं मी काल उमैमाला सांगितलं. सांगायच्या आधी चार वेळा उठून बाळाचं दुपटं बदललं, ते ओलं नसताना. ती ऐकत राहिली. रडली नाही. बाळाला घेऊन आत गेली आणि दार लावलं. दुपारचं जेवली नाही. मी दाराबाहेर बसून राहिले. तुझ्या व्हरांड्यात बसायचे, तशीच. तिथं निदान तुझ्या चिठ्ठ्या येत होत्या.

तुला ठाऊक आहे, त्वचेवरची मेंदी दोन आठवड्यांत जाते, पण नखावरची जात नाही. नख वाढेल तशी ती पुढं सरकते. आता तिच्या नखांच्या मुळाशी कोरी चंद्रकोर आली आहे, जवळजवळ अर्ध्या नखाएवढी. घरी आल्यापासून रोज संध्याकाळी मी त्या कोऱ्या भागावर दाबून मोजते. तिला कंटाळा येतो, तरी मोजते. ही भीती माझ्या हातातून जातच नाही.

काल संध्याकाळी मी गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार? दिवा लावायच्या वेळी तीच बाहेर आली. डोळे सुजलेले होते. बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि उजवा हात पुढं केला.

म्हणाली, "अम्मी, मोज."

मी दाबलं. पांढरं पडलं. सोडलं आणि मोठ्यानं मोजलं. दोन झाले आणि लाल झालं. हा आकडा तुझ्या वहीत लिही.

हलीमा